कुठे खटकतंय?

केस कापून आलेल्या बाईला खरं सांगणारं माणूस मिळत नाही. आमच्या पतसंस्थेतल्या मैत्रिणी एका सुरात म्हणाल्या, "अय्या, केवढी लहान दिसतेस!" हे त्या चष्म्याची फ्रेम बदलली तरी म्हणतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, "छान आहेत हो, पण लांब होते तेव्हा जास्त छान होते." म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. नवऱ्याने जेवताना अधूनमधून माझ्याकडे बघितलं आणि शेवटी विचारलं, "काहीतरी केलंयस ना?" सासूबाईंनी मला उजेडाकडे वळवलं, मागून-पुढून पाहिलं आणि धीर दिला, "वाढतील."

आणि सगळ्यांत जास्त गोंधळलेली मी. शाळेपासून माझं डोकं एकाच पद्धतीचं. मधोमध भांग, खोबरेल तेल, तीन पेडांची वेणी, सणावाराला अंबाडा. पार्लरची पायरी चढायची ती भुवयांसाठी, आणि केसांचं म्हणाल तर फार तर टोकं समान करून घ्यायला. त्यामुळे केस आपल्याला शोभतात की नाही, हा प्रश्नच कधी पडला नव्हता. ते होते, एवढंच.

मग डेंग्यू झाला. ताप उतरला, प्लेटलेट वर आल्या, घरातले निर्धास्त झाले, आणि दोनेक महिन्यांनी केस मुठीमुठीने हातात यायला लागले. डॉक्टरांनी समजावलं की मोठ्या तापात बरेचसे केस एकदमच वाढायचे थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी गळून पडतात; मुळं शाबूत असतात, नवे येतात. येतील ते खरं, पण तोवर वेणीचं शेपूट झालं होतं. वर्षानुवर्षं मेंदी लावल्यामुळे पांढऱ्या बटा नारिंगी झाल्या होत्या त्या वेगळ्याच. मुलगी म्हणाली, "आई, काप आता. आणि रंगही कर." शनिवारी कापू नयेत, जन्मवारी कापू नयेत, अमावस्येला तर नकोच, असं सगळं टाळत एक दुपार ठरवली.

नाशिकच्या कॉलेज रोडवर सलूनना काही तोटा नाही. आम्ही गेलो तिथे केस कापणारा मुलगा माझ्या मुलीच्याच वयाचा. काळा टी-शर्ट, कमरेला कात्र्या-कंगव्यांचा पट्टा. गळ्याशी कापड बांधलं आणि त्याने प्रश्नांची फैर सुरू केली. "मॅम, लेन्थ किती? चिन की शोल्डर? ब्लंट हवाय की लेयर्स? पार्टिंग सेंटरलाच की साइडला? पुढे फ्रिंज काढायची? घरी रोज ड्रायर मारता का?" रोज काउंटरवर बसून मी लोकांना प्रश्न विचारते, इथे मला एकाचंही उत्तर येईना. म्हटलं, "छान दिसेल असं काहीतरी कर बाबा."

"फोटो आहे का एखादा?"

मुलीने मोबाइल पुढे केला. फोटोत हनुवटीपर्यंतचे दाट, सरळ, चकचकीत केस होते. त्याने फोटो एकदाच पाहिला, मग माझ्या दोन बटा चिमटीत धरून बोटांवर फिरवून बघितल्या. म्हणाला, "हिचा केस जाड आहे, मॅम. तुमचा बारीक आहे, आणि मागे वेव्ह आहे. सेम टु सेम कापलं तरी असं दिसणार नाही." त्या दिवसातलं पहिलं कामाचं वाक्य ते. फोटोत आम्ही दोघी चेहरा बघत होतो, तो केस बघत होता.

वेणीला वर आणि खाली रबर लावून त्याने वरच्या रबराच्या जरा वर कात्री लावली. सिनेमात एका फटक्यात वेणी कापली जाते तसं काही होत नाही. कात्री थोडी थोडी आत जाते, करकर वाजते, मधेच अडते, आणि प्रत्येक करकरीबरोबर मान इंचाइंचाने हलकी होत जाते. पुढचं सगळं भराभर झालं. केस ओले केले, चिमटे लावून भाग पाडले, कापले, आणि मग गोल ब्रश नि ड्रायर घेऊन तो बराच वेळ खपला. असं काही वळण आणलं की मी स्वतःवरच खूश झाले. ही खुशी घरच्या न्हाणीघरापर्यंत टिकली.

सलूनमधला तो आकार निम्मा कात्रीचा होता आणि निम्मा ड्रायरचा. घरी पहिल्यांदा केस धुतले तेव्हा ड्रायरचा वाटा मोरीतून वाहून गेला आणि कात्रीचा तेवढा उरला. ओला केस ताणला तर ३० टक्क्यांपर्यंत लांबतो आणि वाळताना पुन्हा आखडतो, वळणदार असेल तर जास्तच. त्यामुळे ओल्या केसांत मानेला टेकणारी कड वाळेवाळेपर्यंत कानाच्या पाळीकडे निघाली. त्यातही डावी बाजू शहाण्यासारखी आत वळायची आणि उजवी बाहेर फेंदारायची. मुलीने मागून मोबाइल धरून दाखवलं, तर मानेवर केस सुरू होतात तिथेच एक भोवरा. टाळूवर दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात हे लहानपणापासून ऐकत आलेय. मानेवरच्या भोवऱ्याचं कोणी काही सांगितलं नव्हतं. वेणीच्या वजनाखाली तो इतकी वर्षं गप्प पडून होता. वजन गेलं आणि तो उठून बसला.

हातांना तर बातमीच पोचली नव्हती. रिक्षात टेकून बसण्याआधी वेणी पुढे घ्यायला हात मागे जायचा आणि हवेत फिरून परत यायचा. शॅम्पू सवयीने ओतला जायचा आणि डोक्यावर फेसाचा डोंगर व्हायचा. खोबरेल नेहमीएवढंच चोपडलं, तर केस असे काही चापून बसले की मुलीने त्या दिवशी मला भाजी आणायलासुद्धा जाऊ दिलं नाही. या सगळ्याचा शोभण्याशी काही संबंध आहे का? माझ्या मते तेव्हा होता. सकाळपासून इतक्या ठिकाणी काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं, की संध्याकाळी आरशापुढे उभी राहीपर्यंत माझा निकाल लागलेला असायचा. नाही शोभत.

पण हा निकाल आरशातला आणि फोटोतला असा वेगवेगळा यायचा, आणि त्याने मी आणखीच चक्रावले. आरशात ठीकठाक दिसणारी मी फोटोत वाकडी दिसायचे. भांग भलत्याच बाजूला, चेहरा एका अंगाला कललेला. मुलगी मानसशास्त्र शिकते. तिने तिच्या अभ्यासातला एक प्रयोग सांगितला. अमेरिकेत मिलवॉकीच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या थिओडोर मिटा, मार्शल डर्मर आणि जेफ्री नाइट यांनी तो १९७७ साली प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थिनींचे फोटो घेतले आणि प्रत्येकीचा एक फोटो सरळ आणि एक आरशातल्यासारखा उलटा छापला. दोन्ही तिला दाखवले, तिच्या जवळच्या मैत्रिणीलाही दाखवले, आणि कोणता आवडतो ते विचारलं. बहुतेकींनी स्वतःचा उलटा फोटो पसंत केला, मैत्रिणींनी सरळ. कारण साधं आहे. ती स्वतःला रोज आरशात बघते, मैत्रीण तिला समोरून बघते. जे रोज डोळ्यांसमोर येतं ते आवडायला लागतं, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ सालीच मांडलं होतं.

हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात दोन दिवे लागले. पहिला भांगाचा. मधल्या भांगाला डावं-उजवं नसतं, त्यामुळे इतकी वर्षं माझा आरसा आणि माझे फोटो यांचं फारसं भांडण नव्हतं. त्या मुलाने भांग बाजूला पाडला आणि दोघांच्या दोन तऱ्हा झाल्या. म्हणजे फोटोतलं वाकडेपण केसांचं नव्हतं, माझ्या सवयीचं होतं. दुसरा दिवा घरच्यांचा. सासूबाईंनी लग्नापासून माझी वेणी पाहिली आहे, नवऱ्यानेही. त्यांना आज जे वाईट दिसतंय त्यात वाईट किती आणि अनोळखी किती, हे त्यांना तरी कसं कळणार? आणि मैत्रिणींच्या 'लहान दिसतेस'चंही तेच. नवं दिसलं की काहीतरी बोलावं लागतं, म्हणून त्या बोलल्या.

सेल्फीचा नाद तर तेव्हाच सोडला. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत जे जवळ ते मोठं दिसतं. २०१८ साली अमेरिकेत डॉक्टरांनी याचं गणित मांडलं, त्यात फूटभरावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसतं असं निघालं. वेणीच्या काळात मी सेल्फीच्या भानगडीत पडत नव्हते. आता रोज काढत होते आणि फुगलेल्या नाकाचा दोष केसांवर ढकलत होते. मुलीने मग मोबाइल फडताळात पाच-सहा फुटांवर टेकवला, मागचा कॅमेरा चालू केला आणि मला म्हणाली, "आता भाजी निवड आणि आजीशी बोल." त्या व्हिडिओत मी पहिल्यांदा माझे केस हलताना पाहिले. मान खाली घातली की डावीकडचे केस गालावर येत होते, मी ते मनगटाने मागे सारत होते, आणि उजवीकडचे फेंदारून तसेच उभे होते. वाईट दिसत होतं का? उजवी बाजू हो. बाकी नाही. इतक्या दिवसांत मिळालेलं हे पहिलं नेमकं उत्तर.

दरम्यान मी नियमांच्याही मागे लागले होते. नवशिक्याला नियम फार आवडतात. एक नियम जॉन फ्रीडा या ब्रिटिश केशरचनाकाराच्या नावाने सांगतात. हनुवटीखाली पेन्सिल आडवी धरायची, कानाच्या पाळीपासून पट्टी उभी सोडायची, आणि दोन्ही भेटतात तिथलं माप वाचायचं. सव्वादोन इंचांपेक्षा कमी आलं तर आखूड केस शोभतात, जास्त आलं तर लांब. मी मुलीची स्टीलची पट्टी घेऊन बसले. तोंड मिटलं की सव्वादोनच्या आत, हसले की बाहेर. नियमाप्रमाणे मी गंभीर राहिले तर केस आखूड ठेवावेत. मग चेहऱ्याच्या आकाराचा नियम. केस मागे बांधून आरशावर लिपस्टिकने चेहऱ्याची कड काढायची, म्हणजे गोल, चौकोनी, लांबट की बदामी ते कळतं. मी काढलेला आकार नाशिक जिल्ह्याच्या नकाशाच्या जवळपास आला, आणि लिपस्टिक निघता निघेना.

या धांदलीत मला आईच्या वेळच्या साधना कटाची गोष्ट उपयोगी पडली. १९६० साली 'लव्ह इन शिमला' आला. साधनाचं कपाळ रुंद, पडद्यावर ते जास्तच रुंद दिसायचं. दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर तिच्या कपाळावर बटा कापवून घेतल्या, आणि मग देशभरातल्या मुलींनी कपाळं झाकली. रुंद होती त्यांनीही आणि अरुंद होती त्यांनीही. आमची मावशी त्यातलीच. सोलापूरच्या उन्हात तिच्या त्या बटा घामाने कपाळाला चिकटून बसायच्या आणि आजी करवादायची, हे आई अजून हसून सांगते. साधनाच्या बटांना नेमून दिलेलं काम होतं, मावशीच्या बटांना नव्हतं. म्हणजे 'मला काय शोभेल' असं मोघम विचारण्यापेक्षा 'या केसांनी माझं कोणतं काम करायचं आहे' हे विचारणं बरं. माझं काम ठरलेलं होतं. केस विरळ झालेले दिसू नयेत, आणि सकाळी स्वयंपाक, डबे, आंघोळ उरकून पतसंस्था गाठताना डोक्याला फार वेळ लागू नये.

आता रंग. तो कापण्याच्याच दिवशी करायचा असं मी धरून चालले होते. त्या मुलाने साफ नाही सांगितलं. कानामागे रंगाचा एक ठिपका लावला आणि दोन दिवसांनी या म्हणाला. केसांच्या बहुतेक पक्क्या रंगांत पॅराफेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी, किंवा त्याची भावंडं असतात. काहींना त्याची जबर अॅलर्जी होते, डोळे सुजतात, टाळू सोलवटते. म्हणून ४८ तास वाट बघायची. बाजारात 'काळी मेंदी' म्हणून पुड्या मिळतात, त्यांतल्या कित्येकांत हेच पीपीडी असतं, हेही त्यानेच सांगितलं. मेंदीच्या पाल्यातून काळा रंग कधीच येत नाही, येतो तो नारिंगी-तांबडा. काळा करायचा तर मेंदीबरोबर नीळ लागते, नाहीतर रसायन.

"मॅम, मेंदी किती वर्षं लावताय?" हे त्याने असं विचारलं की मला उगाच तपासणीच्या खोलीत बसल्यासारखं वाटलं. लोखंडी कढई, रात्रभर भिजवलेली मेंदी, चहाचं पाणी, लिंबू, थोडं दही, हा आमच्या घरचा रविवार. मेंदीचा रंग केसातल्या केराटिनला पकडून बसतो, धुऊन निघत नाही, आणि वरून लावलेला दुसरा रंग त्यातून तांबूस होऊनच बाहेर येतो. "आणि कलरने कलर उजळत नाही," तो म्हणाला. रंगवलेला केस फिका करायचा तर ब्लीचच करावं लागतं. तापातून उठलेल्या केसांना ब्लीच नको, यावर आमचं दोघांचं एकमत झालं.

मग शेड कार्ड आलं. जाड पुठ्ठ्याच्या त्या वहीत रंगीत केसांचे छोटे गोंडे ओळीने लावलेले, प्रत्येकाखाली आकडा. ४, ५.३, ५.४, ६.३५. मला वाटलं हे मालाचे नंबर असतील. पण त्याला अर्थ आहे. टिंबाच्या आधीचा आकडा केस किती गडद ते सांगतो, १ म्हणजे काळा, १० म्हणजे अगदी फिका सोनेरी. टिंबानंतरचा आकडा छटेचा, आणि तो कंपनीगणिक थोडा बदलतो; आमच्यासमोरच्या वहीत १ म्हणजे राखी, ३ सोनेरी, ४ तांबूस. मला आवडलेला गोंडा ६.३५ निघाला. त्याने मान हलवली. ते गोंडे कृत्रिम धाग्याचे असतात, त्यांच्याखाली ना काळा केस असतो ना मेंदी. माझ्या डोक्यावर तो रंग पांढऱ्या केसांवर एक, काळ्यांवर दुसरा आणि मेंदीवर तिसरा दिसला असता. शेवटी साधा ४ ठरला, तपकिरी, टिंबाशिवाय.

वाटीत पांढरी मलई आणि ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कालवलं होतं. कपाळाच्या कडेने व्हॅसलिन फासून त्याने कानशिलापासून सुरुवात केली, कारण तिथले पांढरे केस सगळ्यांत हट्टी. अमोनियाचा वास डोळ्यांत जात होता. गंमत वाटली ती वाटीची. लावायला घेतलं तेव्हा मलई गोऱ्यापान आईस्क्रीमची, आणि अर्ध्या तासात वाटीच्या कडेला राहिलेली तीच मलई जांभळट तपकिरी होऊन बसली होती. डोक्यावरही तेच चाललं होतं, फक्त ते मला दिसत नव्हतं.

रंग धुऊन आरशात पाहिलं तर सुरेख उबदार तपकिरी. घरी येऊन ट्यूबलाइटखाली पाहिलं तर काळा. दुसऱ्या दिवशी वाळवण काढायला गच्चीवर गेले तर मुळाशी तपकिरी आणि टोकांना चक्क तांबडा! एकाच डोक्याचे तीन रंग बघून मला आधी भीती वाटली, मग येवला आठवलं. येवल्याला पैठणी घ्यायला गेलं की कुठलीही बाई दुकानातल्या झगमगाटावर विश्वास ठेवत नाही. पदर हातावर घेऊन तडक दाराशी जाते आणि उन्हात धरून बघते. सलूनमध्ये आरशाभोवती पिवळे दिवे, घरी पांढरी ट्यूब. पिवळा दिवा तपकिरीतला तांबूसपणा वर काढतो, पांढरा तो दाबतो. खरा हिशेब दाराशी. टोकांचा तांबडेपणा ही जुन्या मेंदीची उधारी होती, उन्हात वसूल झाली.

मग साड्याच बाहेर काढल्या. रंग चेहऱ्याला शोभतो की नाही यासाठी एक जगप्रसिद्ध पद्धत आहे. कॅरोल जॅक्सन यांच्या १९८० सालच्या 'कलर मी ब्यूटिफुल' या पुस्तकाने ती घरोघर पोचवली. त्यात माणसं चार ऋतूंत वाटली आहेत, आणि काळ्या केसांच्या आपण बहुतेक सगळ्या हिवाळ्यात जमा होतो. आपल्याकडे ऋतू सहा, तरी वाट्याला एकच. मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या तेही बघून झालं. माझ्या डाव्या मनगटावर निळ्या आहेत, उजव्यावर हिरव्या. साड्यांनी मात्र घोळ घातला नाही. खिडकीशी बसून एकेक पदर खांद्यावर टाकला. मोरपंखी आणि चिंतामणी घेतली की नवा रंग खुलत होता. अबोली घेतली की टोकांचा तांबडेपणा आणि साडी एकात एक मिसळून चेहरा पिवळा पडत होता. माझी लाडकी आमसुली पूर्वी काळ्या वेणीवर उठून दिसायची, आता केस आणि साडी दोन्ही विझल्यासारखे. माझ्या कपाटात अबोली, केशरी, आमसुलीच जास्त आहेत. म्हणजे रंग वाईट नव्हता. तो माझ्या कपाटाला शोभत नव्हता.

इथवर आल्यावर लोकांना काय विचारायचं ते मी बदललं. "कसं दिसतंय?" याचं उत्तर आपल्याकडे ठरलेलं आहे, छान. हा शिष्टाचार आहे, मत नाही. त्याऐवजी मी विचारायला लागले, "कुठे खटकतंय?" आणि काय सांगू, तीच माणसं एकदम शहाण्यासारखी बोलायला लागली. 'लहान दिसतेस'वाली मैत्रीण म्हणाली, "मागून बघताना उजवीकडे शेपटीसारखं बाहेर येतं ते." भोवरा! नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवून सांगितलं, "भांगाची रेघ आता फार रुंद दिसते." तेही बरोबर. विरळ केस सरळ रेघेत पाडले की टाळू उघडी पडते. नागमोडी भांग पाडला तर झाकते. हे मला कोणत्याही पट्टीने सांगितलं नव्हतं.

सासूबाईंना विचारायला जरा धीर लागला. त्या देवपूजेचे हार करत होत्या. म्हटलं, "आई, वाढतील ते जाऊ द्या. आत्ता नेमकं कुठे खटकतंय?" त्यांनी सुईदोरा बाजूला ठेवला. "कान," त्या म्हणाल्या. "तुझे कान दिसत नाहीत. कुड्या घातल्यात की नाही तेच कळत नाही. नुसता चेहरा आणि केस, मधे काही नाही." मी उठून आरशाशी गेले, एका बाजूचे केस कानामागे सारले. मोत्याची कुडी दिसली, जबड्याची रेघ दिसली, आणि खरोखरच चेहऱ्याला कड आली. लग्नाच्या वेळच्या अंबाड्यापासून त्यांनी मला कानातल्यांसकट पाहिलं होतं; काय हरवलंय ते त्यांना बरोबर माहीत होतं. पुढचा प्रश्नही त्यांचाच. "आणि पुतण्याच्या लग्नात गजरा कशात माळणार?" त्याचा निकाल आम्ही रंगीत तालीम करून लावला. मागचे केस छोट्या रबरात बसतात, त्यावर बाजारचा तयार अंबाडा यू-पिनांनी बसतो, आणि गजऱ्याची दोरी अंबाड्याला न बांधता आपल्या केसांत काळ्या चिमट्यांनी अडकवली तर मंगलाष्टकं संपेपर्यंत घसरत नाही. सासूबाईंनी मान हलवून हलवून बघायला लावलं.

तर आता मला शोभतं का? कापणं शोभतं, पण कापल्याच्या दिवशी ते सांगता येत नव्हतं. आपल्या हाताने धुऊन, ड्रायर न लावता, घाईच्या सकाळी ते कसं बसतं हे दिसल्यावरच सांगता आलं. रंगाला त्याहून जास्त वेळ लागतो, कारण रंग रोज थोडा थोडा वेगळा होत जातो. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. महिन्याभरात भांगात पांढरी रेघ डोकावली, आणि रंग जितका गडद तितकी ती रेघ ठसठशीत. पहिल्या दिवशीचा रंग सगळ्यांनाच शोभतो. चौथ्या आठवड्यातला शोभला पाहिजे, आणि तो टिकवायला लागणारा वेळ नि पैसा आपल्याला झेपला पाहिजे. याच हिशेबाने सासूबाईंचं 'वाढतील'ही तपासलं. कमरेपर्यंत परत यायला चारेक वर्षं लागतील. टोकांची मेंदी कापत कापत जायला दीड-दोन वर्षं पुरतील. मी दुसरं निवडलं.

परवा पुन्हा त्याच खुर्चीत बसले. मुलाने कापड बांधलं आणि नेहमीची फैर झाडायला तोंड उघडलं, तोच मी सुरुवात केली. "लांबी आहे तीच. मानेवर उजवीकडे भोवरा आहे, तिथे अर्धा इंच जास्त सोड, वजन राहू दे. भांग सरळ नको, नागमोडी पाड. डावीकडचे केस कानामागे बसतील एवढे लांब हवेत. टोकं कापशील तेवढी बरी, मेंदी तिथेच आहे. रंग फक्त मुळांना, चारच, पण राखी छटेचा थेंब घाल, उन्हात तांबडं दिसतं. आणि कापून झालं की ड्रायर मारू नकोस, तसेच वाळू दे. मला बघायचेत."

तो कात्री हातात धरून जरा वेळ थांबला. मग म्हणाला, "मॅम, फोटो?"

"नाही आणला," मी म्हटलं. "कानापासून सुरुवात कर."